नव्या माणसाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळावे

महोदय,

गावोगावी शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट पेरणीच्या तोंडावर मोठ्या उत्साहाने सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत त्यांत 'शुभ सकाळ'ची फुले व कोणाच्या तरी वाढदिवसाचे फलक एवढेच उरते. आमच्या पंचक्रोशीतील कापूस उत्पादकांचा असाच एक गट चार हंगाम सांभाळताना जे ध्यानात आले, ते आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो.

पहिल्याच हंगामात नव्याने आलेल्या एका तरुणाने पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मिटलेल्या फुलाचे छायाचित्र टाकून 'हे काय होय भाऊ?' एवढेच विचारले होते. ती गुलाबी बोंडअळीची डोमकळी, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेले फूल होते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भात घातलेला धुमाकूळ ज्यांनी आपल्या वावरात पाहिला, त्यांना ती ओळखायला क्षणही लागत नाही. म्हणूनच बहुधा 'एवढंही माहीत नाही अन् शेती करतं?' असा शेरा आला आणि त्याखाली हसण्याची चिन्हे पडली. गटप्रमुख असूनही मी गप्प राहिलो, ही चूक माझी. तो तरुण आजही गटात आहे, पण त्यानंतर त्याने एक अक्षर लिहिलेले नाही. गट सोडणारा निदान प्रमुखाला कळतो, असा गप्प झालेला माणूस मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हापासून नव्या माणसाचा पहिला प्रश्न त्याच रात्री अनुत्तरित राहू द्यायचा नाही, असे आम्ही चौघांनी ठरवून घेतले. उत्तर देण्याआधी त्याला पेरणीची तारीख आणि वावर कोरडवाहू की ओलिताचे, हे विचारायचे. प्रश्न बोंडअळीचा असेल तर डोमकळ्या तोडून नष्ट करायला सांगायचे, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून रोजचे पतंग मोजायला सांगायचे आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर फवारणीचा विचार करायचा, हेही बजावायचे. मात्र खरा उपयोग पुढच्या एका गोष्टीचा झाला. आठ दिवसांनी कोणीतरी आठवणीने विचारतो, 'दादा, सापळ्यात किती निघाले?' आपल्या वावराची कोणाला तरी आठवण आहे, हे कळले की माणूस आकडा सांगायला परत येतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला तोच उत्तर देतो.

लिहिण्याचा संकोच असणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्या बायामाणसे मुलाच्या फोनवरून गटात असतात त्यांच्यासाठी, आम्ही बोलून पाठवलेल्या संदेशांना मुद्दाम प्रोत्साहन दिले. वऱ्हाडीत बोललेला प्रश्न वऱ्हाडीतच सुटतो. जाहिराती आणि राजकारणाचे संदेश आम्ही काढून टाकतो, पण टाकणाऱ्याला सर्वांसमोर न सुनावता वेगळा फोन करतो.

अनेक प्रमुख भांडणाच्या किंवा पोलीस तक्रारीच्या भीतीने 'फक्त प्रमुखच संदेश पाठवू शकतील' अशी कळ फिरवून मोकळे होतात. वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की, सदस्याशी समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याचे दिसत नसेल, तर त्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ प्रमुख म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. सामुदायिक प्रार्थनेला आलेल्या परगावच्या माणसाला आपण सतरंजीवर सरकून जागा देतो. इथे मात्र आत बोलावून तोंडाला कुलूप लावतो.

शेतकऱ्यांना सल्ला देण्यासाठी चालणारे कित्येक शासकीय गटही असेच कुलूपबंद असतात. तिथे सूचना येतात, पण प्रश्न विचारता येत नाहीत. निदान जुलै ते ऑक्टोबर या काळात, गुराढोरांचे आटोपून माणसे घरी टेकतात त्या वेळी, रोज संध्याकाळी एक तास ते खुले ठेवावेत आणि त्या तासाला उत्तर देणारे कोणीतरी हजर असावे, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ