पोस्टइन्स्टमधून पायथन काढायला लावणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

निपाणीजवळच्या आमच्या वाचनालयातील डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी मी मराठी आणि कन्नड शब्दसूचींचे एक छोटे पॅकेज (प्रणालीत बसवायचा तयार गठ्ठा) केले होते. ते दोन संगणकांवरून काही केल्या निघेना, तेव्हा आपण भर पावसात बेळगावला बस बदलून खानापुराहून आलात. त्या दिवशी चहाच्या गडबडीत आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

चूक सर्वस्वी माझी होती. पॅकेज बसवताना आपोआप चालणारी पोस्टइन्स्ट आणि ते काढल्यावर चालणारी पोस्टआरएम या दोन्ही स्क्रिप्ट मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिल्या होत्या. पॅकेज बसवताना अडचण आली नाही, कारण पायथन डिपेंड्समध्ये, म्हणजे आधी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, नोंदलेले होते आणि पोस्टइन्स्ट चालण्यापूर्वी अवलंबित पॅकेजे तयार झालेली असतात. परंतु पर्ज करताना, म्हणजे पॅकेज पूर्णपणे पुसताना, पोस्टआरएमला तशी हमी कोणीच देत नाही, आणि आमच्याकडे पायथन तोवर निघून गेले होते. मग घाईने मी तीच स्क्रिप्ट शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) भाषेत लिहिली, बॅश या शेलमध्ये चालवून पाहिली आणि कोणता शेल वापरायचा हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत मात्र बिन-एसएच ठेवले. डेबियनमध्ये 2011 च्या 6.0 आवृत्तीपासून त्या नावामागे डॅश हा साधा शेल असतो आणि त्याला बॅशमधले दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, हे आपण चेकबॅशिझम्स हे तपासणीचे साधन चालवून दाखवलेत.

भाषा कोणती चांगली, या वादात आपण शिरलाच नाहीत. ‘ही ओळ चालेल त्या क्षणी घरात कोण असेल?’ एवढेच विचारलेत. पर्ल-बेस हे पॅकेज इसेन्शियल, म्हणजे डेबियनमध्ये कायम असणारे, असल्यामुळे पर्ल या भाषेचा गाभा तेथे असतोच, पायथनचे तसे नाही. आणि आरपीएम ही दुसरी पॅकेज-व्यवस्था वापरणाऱ्यांनी तर लुआ या छोट्या भाषेचा दुभाषाच (ती चालवणारा प्रोग्राम) आरपीएमच्या पोटात ठेवला आहे, म्हणून शेलही नसताना त्यांच्या लुआतील स्क्रिप्ट चालू शकतात, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

खरा उपकार मात्र त्यापुढचा. शब्दांची वर्गवारी आणि दुबार शब्द गाळण्याचे काम वाचकाच्या संगणकावर करायचेच कशाला, असे आपण विचारलेत. ते काम आता पॅकेज बांधतानाच होते. पायथन बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे फक्त बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, गेले, तयार यादी पॅकेजमधूनच जाते आणि काढताना डीपीकेजी हा डेबियनचा पॅकेज बसवणारा-काढणारा प्रोग्राम ती स्वतः पुसतो. दोन्ही स्क्रिप्ट मी पुसून टाकल्या.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकलेले नाही. पॅकेज कसे बांधायचे हे सांगणारी डेबियन/रूल्स ही फाइल मेकफाइल (मेक या साधनासाठीची आज्ञांची फाइल) असावी लागते, हे मान्य. पण यादीचे सगळे काम तिच्यातच लिहावे, हे मला पटत नाही, म्हणून ती माझ्या पायथन स्क्रिप्टला हाक मारते. यावर भांडायला पुढच्या रविवारी बेळगावचा गोड कुंदा घेऊन खानापूरला येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
निपाणीकडचा विद्यार्थी