गंगा करार : सहीआधी संसदेत मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत 12 डिसेंबर 2026 रोजी संपते. हा करार आपोआप पुढे चालू राहत नाही, दोन्ही देशांची संमती असेल तरच त्याचे नूतनीकरण होते. नवा करार झाला नाही, तर 1 जानेवारी 2027 पासून पश्चिम बंगालमधल्या फरक्का बॅरेजवर (गंगेवरच्या दरवाजांच्या बांधावर) कोणी किती पाणी घ्यायचे याला लेखी आधारच उरणार नाही. आपल्याकडे या विषयावरची चर्चा एक तर ‘बांगलादेशाला धडा शिकवा’ इथे थांबते, नाही तर ‘शेजारधर्म पाळा’ इथे. करारातले आकडे काय सांगतात आणि तो ठरवताना आपल्या संसदेला कुठे जागा आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

फरक्का बॅरेज 1975 मध्ये सुरू झाले ते सिंचनासाठी नव्हे. कोलकाता बंदरात साचणारा गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी सुमारे 38 किलोमीटरच्या फीडर कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवायचे, हा त्याचा उद्देश. कालव्याची क्षमता 40,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 40,000 घनफूट. 1996 च्या करारातली वाटणी याच आकड्याभोवती बेतलेली आहे. 1 जानेवारी ते 31 मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब होतो. फरक्क्याला 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मे-निम्मे. 70,000 ते 75,000 असेल तर बांगलादेशाला 35,000 आणि उरलेले आपले. 75,000 च्या वर गेले की आपण 40,000 घेतो, बाकीचे खाली सोडतो. फरक्का आणि सीमा यांच्या मधल्या पट्ट्यात आपण जास्तीत जास्त 200 क्युसेक वापरू शकतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला टीएमसीची भाषा जवळची. 35,000 क्युसेक दहा दिवस अखंड वाहिले की 30.24 टीएमसी होतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली तरी साठा 29 टीएमसीच्या आसपास जातो. म्हणजे अख्ख्या साखळीएवढे पाणी दर दहा दिवसांनी या बाजूला की त्या बाजूला, एवढा हा प्रश्न आहे.

खरी अडचण 11 मार्च ते 10 मे या दोन महिन्यांत येते. या काळात प्रत्येक देशाला एकाआड एक दशकात (दशक म्हणजे इथे दहा दिवसांचा टप्पा) 35,000 क्युसेकची हमी आहे. कराराच्या तक्त्यात 11 ते 20 एप्रिलला भारताचा वाटा 35,000 आणि बांगलादेशाचा 27,633. लगेच पुढच्या, 21 ते 30 एप्रिलच्या दशकात बांगलादेशाला 35,000 आणि आपल्याला 25,992. एका रात्रीत फीडर कालव्यातले नऊ हजार क्युसेक कमी होतात, दहा दिवसांनी परत वाढतात. गाळ वाहता ठेवायला प्रवाहात सातत्य लागते. शेतीच्या पंपालाही नदीची पातळी स्थिर लागते. ही करवतीच्या दात्यांसारखी वाटणी दोन्ही काठांना गैरसोयीची आहे. शिवाय तक्त्यातले आकडे 1949 ते 1988 या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेले आहेत. त्यानंतर उत्तर प्रदेश आणि बिहारमधला पाण्याचा उपसा वाढला, पाऊसमान बदलले. प्रत्यक्षात फरक्क्याला 52,000 क्युसेकच आले, तर हमीच्या दशकात एकाला 35,000 आणि दुसऱ्याला जेमतेम 17,000 मिळतात. आणि प्रवाह 50,000 च्या खाली गेला तर? करार म्हणतो, दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी. तोवर दरवाजे किती उघडायचे, याचा आकडा तिथे नाही. 1977 च्या करारात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान 80 टक्क्यांची हमी होती, ती 1982 आणि 1985 च्या सामंजस्य करारांत गळाली. 1996 मध्ये 90 टक्क्यांचे कलम आले, पण ते फेरआढाव्यानंतर एकमत झाले नाही तरच लागू होते, टंचाईसाठी ते नाही.

करार नसला की काय होते, याचाही अनुभव गाठीशी आहे. 1985 च्या व्यवस्थेची मुदत 1988 मध्ये संपली आणि पुढची आठ वर्षे फरक्क्याला कोणतीच लेखी वाटणी नव्हती. त्याआधी 1976 मध्ये बांगलादेशातले नेते मौलाना भाशानी यांनी फरक्क्याच्या दिशेने मोर्चा काढला होता आणि त्याच वर्षी बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला होता. बांगलादेशाच्या राजकारणात ‘फरक्का’ हा शब्द भारतविरोधाचे आयते हत्यार झाला तो असाच.

आता लोकशाहीचा मुद्दा. परदेशाशी करार करणे हा संघसूचीतला विषय आहे आणि अनुच्छेद 73 नुसार तो अधिकार केंद्राच्या कार्यकारी मंडळाकडे येतो. तो कसा वापरायचा, याचा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये बेरुबारी (पश्चिम बंगालमधला भूभाग पाकिस्तानला देण्याच्या) प्रकरणात सांगितले. म्हणूनच बांगलादेशाशी भूखंडांची अदलाबदल करताना 2015 मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ती एकमताने झाली. पाणी द्यायचे तर मात्र एका सहीने भागते. काही हजार एकर जमिनीसाठी दोन-तृतीयांश बहुमत आणि तीस वर्षांच्या गंगेसाठी संसदेची मंजुरीसुद्धा लागत नाही, ही विसंगती मला गंभीर वाटते. बांगलादेशाच्या घटनेत अनुच्छेद 145-क आहे. परदेशाशी केलेला प्रत्येक करार तिथे राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवावा लागतो, राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित असेल तर गुप्त बैठकीत. ते कलम तिथे किती पाळले गेले हा वेगळा विषय, पण तरतूद तरी आहे. आपल्याकडे न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना आढावा आयोगाने 2002 मध्येच करारांविषयी कायदा करा, अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे.

राज्यांना बाजूला ठेवल्याची किंमत तर आपण मोजतोच आहोत. 1996 चा करार झाला त्यात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा मोठा वाटा होता. सहीआधी ते स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. याउलट सप्टेंबर 2011 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिस्ता नदीच्या पाणीवाटप कराराचा मसुदा घेऊन ढाक्याला निघाले आणि ऐनवेळी ममता बॅनर्जी यांनी दौऱ्यातून अंग काढून घेतले. करार तिथेच अडकला. पुढे बांगलादेशाने तिस्ता खोऱ्याच्या प्रकल्पासाठी चीनकडे विचारणा केली. हा भाग ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणाऱ्या सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीपासून फार दूर नाही आणि ही पट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे 20 किलोमीटरचीच आहे. राज्याशी न झालेल्या बोलण्याचे रूपांतर संरक्षणाच्या डोकेदुखीत कसे होते, ते इथे दिसते. जून 2024 मध्ये गंगा कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक चर्चा जाहीर होताच ममता बॅनर्जी यांनी मुख्यमंत्री या नात्याने पंतप्रधानांना पत्र लिहून, राज्याला न विचारता बोलणी नकोत, असे कळवले. बिहारची तक्रार तर निराळीच आहे. फरक्क्यामुळे वरच्या अंगाला गाळ साचतो आणि पूर वाढतो, म्हणून बॅरेजच काढून टाका, अशी मागणी नीतीशकुमार यांनी 2016 मध्ये केली होती. ती मान्य करा असे मी म्हणत नाही. पण गाळाचा विचारच न करणारा करार पुढच्या तीस वर्षांसाठी बिहारच्या माथी मारता येणार नाही.

तीस वर्षांत शेजारही बदलला. ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेली. त्याच महिन्यात पूर्व बांगलादेशात पूर आला आणि त्रिपुरातले डंबूर धरण भारताने मुद्दाम उघडले, अशी अफवा पसरली. परराष्ट्र मंत्रालयाने ती खोडून काढली, पण पुरामुळे वीज गेली आणि संध्याकाळी सहानंतर पातळीची माहिती पाठवण्यात अडथळा आला, हेही त्याच निवेदनात होते. माहितीतला तेवढा खंड अफवेला पुरला. एप्रिल 2025 मध्ये आपण सिंधू करार स्थगित केला, त्यामुळे भारताच्या सहीकडे सगळे शेजारी आता बारकाईने पाहणार. जुलै 2025 मध्ये चीनने तिबेटात यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. ब्रह्मपुत्रेवर आपण खालच्या अंगाला आहोत. 2017 मध्ये डोकलामच्या सीमातणावाच्या वेळी चीनने पावसाळी प्रवाहाची माहिती दिली नाही, तेव्हा आपण तक्रार केली आणि ती रास्त होती. गंगेवर वरच्या अंगाला बसून आपण जसे वागू, तेच बीजिंग उद्या आपल्याला दाखवेल.

बोलणी गुप्तच ठेवावी लागतात, नाही तर समोरच्याला आपली शेवटची मर्यादा कळते, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. परराष्ट्र आणि जलसंपदा या दोन्ही स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात. त्यांच्या संयुक्त बैठकीत मसुदा सहीआधी ठेवावा, पश्चिम बंगाल आणि बिहारच्या सरकारांचे लेखी म्हणणे त्याला जोडावे आणि सहीनंतर करार दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवून त्यावर चर्चा घ्यावी. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याने करार मंजुरीपूर्वी संसदेच्या 21 कामकाज दिवसांसाठी पटलावर ठेवावा लागतो. तेवढे तरी आपल्याला जमायला हवे. मसुद्यात 50,000 क्युसेकच्या खाली दोघांनी समप्रमाणात तूट सोसण्याचे सूत्र हवे, एकाआड एक दशकाऐवजी टप्प्याटप्प्याने बदलणारा प्रवाह हवा, सरासरी दर दहा वर्षांनी नव्याने काढण्याची अट हवी आणि गाळाच्या मोजणीचे स्वतंत्र कलम हवे.

आणखी एक काम तर कराराची वाट न पाहता करता येईल. फरक्क्याखाली, फीडर कालव्यात, नौकानयनाच्या लॉकपाशी आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी दोन्ही देशांची पथके हंगामात रोज प्रवाह मोजतात. ही मोजणी दोन्ही सरकारांकडे जाते, नागरिकांना दिसत नाही. कारण कृष्णा-गोदावरीची आकडेवारी आपल्याकडे खुली असली, तरी गंगा खोऱ्याची गोपनीय वर्गात मोडते. जे आकडे ढाक्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असतातच, ते पाटण्याच्या किंवा मालद्याच्या शेतकऱ्यापासून लपवून कोणती सुरक्षा साधते? जलशक्ती मंत्रालयाने येत्या जानेवारीपासून या चारही ठिकाणचे आकडे दर दशक संपताच संकेतस्थळावर टाकावेत. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, ढाक्याची संमती आणि एक शासकीय आदेश पुरतो.

आपला,
जलसंपदा क्षेत्रातील एक निवृत्त अभियंता, पुणे