आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी भरणार नाही

सांगली,
२९ जून २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा दादाचा फोन आला होता. शिक्षकांच्या बदल्यांचं पोर्टल सुरू झालं की पुण्याचा अर्ज भर, असा तुम्हा दोघांचा निरोप त्याने दिला. मी तेव्हा काही बोलले नाही. हा विषय फोनवर दोन मिनिटांत उरकायचा नाही, म्हणून आज रविवार बघून निवांत लिहायला बसले आहे. आई, एवढ्या मोठ्या घरात मी एकटी दिवस कसा काढत असेन याचा तुला घोर लागून राहतो, हे मला माहीत आहे. तर या सुट्टीत मी काय काय केलं ते आधी ऐक.

शाळेला सुट्टी लागली तेव्हाच ठरवलं होतं की यंदा वाचायचं ते फक्त आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांचं. आणि जमेल तिथे, पुस्तक संपलं की त्या गावाला जाऊन यायचं. यादी करायला घेतली आणि ऊर भरून आला. खांडेकर सांगलीत जन्मले, देवल हरिपूरचे, अण्णा भाऊ वाटेगावचे, माडगूळकर बंधू माडगुळ्याचे, यशवंतराव देवराष्ट्र्याचे. शाळेत हे सगळे धड्यांतून शिकवतो, पण ही सगळी माणसं एस.टी.च्या एका तिकिटाच्या अंतरावरची आहेत हे कधी जाणवलंच नव्हतं.

पुस्तकं नगर वाचनालयातून आणली. बाबा, २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा वाचनालयातली पुस्तकं भिजून लगदा झाली होती, ते बघून तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता. आता कपाटं पुन्हा भरली आहेत. मला मिळालेल्या अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’च्या पहिल्या पानावर निळ्या शाईत कुणीतरी ‘सांगलीकरांना सप्रेम भेट’ असं लिहिलंय, खाली नाव नाही. पुढे वाचायच्या आधी मी बराच वेळ त्या अक्षराकडेच बघत होते.

सगळ्यात जास्त रमले ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त. कॉलेजात असताना वाचली होती, पण तेव्हा मी मास्तरीण नव्हते. एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला तो कोवळा मास्तर, मेंढरांमागे जाणारी पोरं, शाळेत यायलाच तयार नसलेलं गाव. हे सगळं मी पहिल्या नोकरीत जवळून पाहिलंय. मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधतो आणि औंधचे राजे पंत सरकार ती बघायला येतात, तो भाग मी लागोपाठ दोनदा वाचला. शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं गाव सोडून निघतात, तिथे पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसले.

मग शेजारच्या काकूंना घेऊन विट्यामार्गे ‘बनगरवाडी’च्या मुलखात, आटपाडीला गेले. मे नुकताच लागला होता. माणगंगेचं पात्र कोरडं होतं, वारा असा गरम की तोंडावर पदर घेतल्याशिवाय खिडकीत बसवेना. मनात पुस्तकातलाच माळ होता, आणि बघते तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना डाळिंबाच्या बागा! टेंभू योजनेचं पाणी आलंय ना तिकडे. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत इथवर आणलं आहे. ज्या मातीतून माणसं पाण्यावाचून उठून गेली, तिथे ठिबकच्या नळ्या पसरलेल्या बघून मला फार बरं वाटलं. माळ मात्र अजून आहे. बागांच्या पलीकडे मेंढरांचा एक कळप आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला म्हातारा दिसला. काकूंनी त्याला हाक मारून विचारपूस केली, तर त्याने आम्हालाच विचारलं, ‘‘पाऊस कवा म्हनत्यात?’’

वाटेगावला गेले तेव्हा फार वेळ मिळाला नाही, परतीची गाडी लवकर होती. पण ज्या माणसाने शाळेत जेमतेम दीड दिवस काढला, त्याने ‘फकिरा’ लिहावी आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचं पारितोषिक मिळावं, हे त्या गावात उभं राहून आठवलं की अंगावर काटा येतो. यंदा वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांकडे मी वेगळ्या नजरेने बघणार आहे.

हरिपूरला तर चालतच जात होते, सकाळी उन्हं चढायच्या आत. चिंचांच्या सावलीतून संगमेश्वरापर्यंत. देवलांची ‘शारदा’ हातात होती. १८९९चं नाटक, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं. ते हरिपुरातल्याच एका प्रकारावरून सुचलं असं बाबा सांगायचे, म्हणून घाटावर बसूनच वाचलं. समोर वारणा कृष्णेला मिळते, पाणी संथ होतं. तिथल्या एका आजोबांनी मला हळद साठवायचं जमिनीतलं पेव दाखवलं. वरून तोंड एवढंसं की माणूस जेमतेम आत उतरेल, आणि खाली घागरीसारखं पोट. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडल्यावर आधी आत कंदील सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. २००५च्या पुरात किती पेवं गेली ते सांगताना त्यांचा आवाज बदलला.

देवराष्ट्रे आणि सागरेश्वर एकाच दिवशी केलं. यशवंतरावांचं ते आजोळ, साधं घर आहे. ‘कृष्णाकाठ’ वाचून गेल्यामुळे ते नुसतं स्मारक वाटलं नाही. अभयारण्यात चितळ दिसले, सांबर नाही दिसलं. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, जगवून उभं केलेलं ते जंगल आहे. वरून कृष्णेचं खोरं, ऊस आणि द्राक्षाचे मांडव दिसतात. आई, तिथे तुझी फार आठवण आली. तुझे गुडघे बरे झाले की गाडी करून नेईन, वरपर्यंत रस्ता आहे.

आता तुझ्या लाडक्या पोरीबद्दल, क्रिकेटवाल्या स्मृती मानधनाबद्दल. ११ मेला कोलंबोत श्रीलंकेशी तिरंगी मालिकेची फायनल होती. गच्चीत कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मी जिन्याच्या सावलीत मोबाईल घेऊन बसले. स्मृतीने १०१ चेंडूंत ११६ केल्या, आपण ९७ धावांनी जिंकलो. आणि काल रात्रीचं तू पाहिलंसच असणार! नॉटिंगहॅमला, हरमनप्रीत नसताना कर्णधार म्हणून, ६२ चेंडूंत ११२. टी-ट्वेंटीतलं तिचं पहिलं शतक. कसोटी, वन-डे आणि टी-ट्वेंटी, तिन्हींत शतक करणारी ती भारताची पहिली बाई. आपल्या माधवनगरची! शतक झालं तेव्हा काकू त्यांच्या खिडकीतून आणि मी आपल्या, अशा दोघी ओरडत होतो. शाळा १६ तारखेला उघडली तेव्हा चौथीतल्या मुली फळकूट घेऊन क्रिकेट खेळत होत्या. भावाचं बघून खेळायला लागलेली स्मृती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती, हे मी त्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गणपती पेठेतून खरी बॅट आणून दिली. त्या बॅटवरून रोज भांडणं होतात. त्या मुलींना सोडून मी कुठे जाऊ?

बाबा, तुमच्यासाठी बुद्धिबळ. १ जूनला गुकेशने नॉर्वेत कार्लसनला हरवलं, क्लासिकलमध्ये, म्हणजे जास्त वेळाच्या डावात, पहिल्यांदाच. हरलेलाच डाव होता हो त्याचा! तो चिवटपणे खेळत राहिला, कार्लसनच्या घड्याळात वेळ उरला नाही आणि त्याचा घोडा चुकीच्या घरात पडला. मग त्याने टेबलावर जी मूठ आपटली ती तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. मला मात्र त्या मुठीपेक्षा गुकेशचं तोंडावर हात ठेवून नुसतं फिरत राहणं आवडलं. पूर्वी उन्हाळ्यात तुम्ही मला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला न्यायचात. भाऊसाहेब पडसलगीकर लहान पोरांशीही कसं आदराने बोलतात ते मला दाखवायचात, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली ती याच गावातून, हे दर वेळी सांगायचात. प्रतिस्पर्ध्याचा डाव सरस असला तरी आपण बसून राहायचं, हे मी तिथेच शिकले.

नीरज चोप्राने दोह्यात भाला ९०.२३ मीटर फेकला तोही पाहिला. आयपीएलचं दादाने सांगितलं असेलच.

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. विसाव्या तारखेनंतर जो लागला तो थांबेचना, वाळवणं आणि राहिलेल्या सहली तशाच सोडून द्याव्या लागल्या. पुराची काळजी करू नका. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की मी मावशीकडे विश्रामबागला जाणार, ते ठरलंय. कागदपत्रांची पिशवी वरच्या माळ्यावर आहे, बाबांच्या वह्यासुद्धा.

तर अर्ज मी भरणार नाही. तुमच्याजवळ असावं असं मला वाटत नाही, असं कृपा करून समजू नका. रोज वाटतं. पण माझी शाळा, माझं वाचनालय, काकू, सकाळचा हरिपूरचा रस्ता, हे सोडून पुण्यात आले तर मी तुमची काळजी करायच्या ऐवजी तुम्हालाच माझी करावी लागेल. बाबांचा दुसरा डोळा झाला आणि आईचा व्यायाम संपला की दिवाळीला तुम्हीच इकडे या. तुमची खोली मी रंगवून घेतली आहे. दिवाळीनंतर किती दिवस राहायचं ते तुम्ही ठरवा, दादाशी मी बोलेन.

काकूंचा भाचा गुरुवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर भडंग, बेदाणे आणि हरिपूरची हळद पाठवते. भडंगात लसूण जास्त आहे, आई, बाबांना रात्री देऊ नकोस.

बाबा, तुम्ही मागच्या पत्रात प्यादं ए६ वर ढकलून माझ्या उंटाला हाकललंत. घोडा मारायचा मोह झाला होता, पण नाही. माझी खेळी: उंट ए४. उत्तर पत्रानेच द्या, फोनवर नको.

तुमची,
मनू