शाळा सुटल्यावर मुलांना घ्यायला कोण येणार? अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय अंतर्गत सुरक्षा मंत्री, वॉशिंग्टन यांस,

सविनय नमस्कार.

मी मूळचा महाराष्ट्रातला, आता अमेरिकेचा नागरिक. हे पत्र मी मातृभाषेत लिहीत आहे, कारण कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरित कामगारांना पकडण्यासाठी पडणाऱ्या धाडींबद्दल ‘त्या आपल्यावर पडत नाहीत, मग आपण कशाला बोला’ असा सूर आम्हा मराठी मंडळींतही ऐकू येतो आणि तो मला सलतो.

१२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या लहानशा गावातील मांसप्रक्रिया कारखान्यावर आपल्या विभागाने धाड घातली आणि ३८९ कामगारांना अटक केली. त्यांतले बहुतेक ग्वाटेमालाचे होते. आयोवातल्याच वॉटर्लू शहरातील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरती न्यायालये उभारून काही दिवसांतच बहुतेकांना पाच महिन्यांची कैद आणि त्यानंतर हद्दपारी ठोठावण्यात आली. लहान मुले असलेल्या काही मातांना सोडले, पण पायात इलेक्ट्रॉनिक कडे अडकवून आणि काम करण्याची मुभा नाकारून. मुले आईजवळ राहिली खरी, पण घरची चूल कशावर पेटणार याची काळजी गावातल्या सेंट ब्रिजेट चर्चला करावी लागली.

पुढे संशोधकांनी आयोवातील जन्मनोंदी तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांच्या धाडीनंतर जन्मलेल्या बाळांचे वजन कमी असण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी अधिक होता, आणि ज्यांना कोणी हद्दपार करूच शकत नाही अशा, अमेरिकेत जन्मलेल्या लॅटिनो मातांच्या बाबतीतही ही वाढ दिसली. धाड एका कारखान्यावर पडली. धास्ती राज्यभरच्या घरांत शिरली. या आकड्यापुढे मी अनेकदा थांबलो आहे, कारण ती बाळे जन्मतःच अमेरिकी नागरिक होती.

७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपीतील कोंबड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतून ६८० जणांना पकडले, तेव्हा तिथल्या कित्येक मुलांचा तो शाळेचा पहिला दिवस होता.

कायदा राबवणे हे आपले कर्तव्य आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे येथे सहसा कारवाई न करण्याचा २०११ पासूनचा दंडक जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, तो पुन्हा लागू करावा. आणि अटक झालेल्या प्रत्येक आईबापाला, कारखान्यातून हलवण्यापूर्वीच, मुलांची सोय लावण्यासाठी फोन करू द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक मराठी भाषक अमेरिकी नागरिक