ताक घेऊन आलेली माणसे बघे नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, आगीची तुमची परवाची बातमी वाचली. सोबतच्या चौकटीत ‘मदतीच्या नावाखाली बघ्यांची गर्दी’ असे छापले आहे. मोबाइल उंच धरून उभी राहिलेली पोरे आणि घरून भाकरी बांधून आणलेली माणसे तुम्ही एकाच दावणीला बांधलीत. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

गर्दीमुळे बंबाला वाट मिळत नाही, हे तुमचे म्हणणे खरेच आहे. त्यावर माझा वाद नाही. पण मी स्वतः त्या भाकरी आणणाऱ्यांपैकी आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावाबाहेरच्या जिनिंगला आग लागली. कापसाची आग कशी असते हे खान्देशात कुणाला सांगायला नको. वरचा जाळ लवकर बसतो, पण दाबून बांधलेली 170 किलोची गाठ आतून धुमसतच राहते. वरून मारलेले पाणी आत शिरत नाही, ओघळून जाते. जेसीबीने एकेक गाठ ओढायची, फोडायची, भिजवायची, मग पुढची. हे दोन रात्री चालले. बंबावर पहिल्या रात्री चौघे जवान होते, दुसऱ्या रात्रीही तेच चौघे.

पहिल्या रात्री आम्ही गल्लीतल्यांनी कढी-खिचडी नेली. ती आमची चूक झाली. त्यांचे हात कोपरापर्यंत काजळीने काळे, हात धुवायला सवड नाही, ताटली ठेवायला जागा नाही. पातेले जवळजवळ भरलेले परत आले. दुसऱ्या दिवशी बायकांनी कळण्याच्या भाकरीत ठेचा घालून गुंडाळ्या केल्या आणि कागदात बांधल्या, म्हणजे उभ्या-उभ्या एका हाताने खाता येतील. ताकात मीठ जरा जास्त घातले, कारण इतका घाम गेल्यावर नुसत्या पाण्याने भागत नाही, पायात गोळे येतात. फाटकापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला निंबाखाली बाज टाकली, ओले पंचे ठेवले. एकेकाला दहा मिनिटे बसवायचे, बूट काढायला लावायचे, मग सोडायचे. तिघे आळीपाळीने आले. चौथा, वयाने सगळ्यात लहान, बसायलाच तयार नव्हता. माझ्या आईने हाताला धरून बसवला तेव्हा ‘माय, पानी शे का?’ एवढेच बोलला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्त बदलला. नव्या साहेबांनी आम्हाला नाक्यावरच अडवले. कालपासून आम्हीच देतोय, आत विचारून घ्या, असे हात जोडून सांगितले. ‘बाहेर व्हा’ यापलीकडे उत्तर नाही. ताकाचे दोन कॅन घेऊन आम्ही दीड तास उन्हात उभे होतो. शंभर पावलांवर तोच पोरगा बंबाच्या पाइपाचे पाणी ओंजळीने पीत होता. ते पाणी शेततळ्यातून भरून आणलेले, हिरवे. त्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांना आमची ओळख पटावी अशी एक चिठ्ठीसुद्धा कुणाकडे नव्हती. ती असायला हवी होती, एवढेच मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

दर 14 एप्रिलला तुम्ही अग्निशमन दलाला मानवंदना दिल्याचा फोटो छापता. 1944 साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत जहाजावरच्या स्फोटात 66 जवान गेले, त्या जहाजावरही कापसाच्याच गाठी पेटल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर दारूगोळा होता. त्या जवानांची आठवण ठेवणाऱ्यांनी आज जिनिंगच्या फाटकात उभ्या असलेल्या जवानाने शेवटचे पाणी कधी प्यायले हेही विचारावे. तुमच्या बातमीत किती बंब आले, किती लाखांचे नुकसान झाले, कोण पुढारी येऊन गेले हे सगळे आहे. माणसे बदलली का, त्यांनी काही खाल्ले का, यावर एक ओळ नाही.

सगळीकडे गावकऱ्यांना जाऊ द्या असे मी म्हणत नाही. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूरजवळ वाघाडीला रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. अशा ठिकाणी आमच्यासारख्यांनी पाऊल टाकू नये, मागे थांबून रांधावे. पण ते रांधलेले आत कोण नेणार हे आधी ठरलेले हवे. सरकारच्या आपदा मित्र योजनेत आपत्तीत मदतीचे बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली मुले आहेत, होमगार्ड आहेत. प्रत्येक तालुक्यात त्यांच्यातल्या दोघा-तिघांवर हे एकच काम सोपवावे: पाणी, मीठ-साखरेचे सरबत, सावली आणि कुणाला किती वेळ झाला याची वही. गावाने त्यांच्या हाती द्यावे आणि माघारी फिरावे. बंदोबस्त बदलला तरी वही तीच राहील.

आणखी एक, लिहू की नको असे वाटत होते, पण लिहितोच. त्या नाक्यावर दोन महिला शिपाई सकाळपासून उभ्या होत्या. लघवीला जाणार कुठे? म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. हे माझ्या बायकोच्या लक्षात आले, मला नाही. ती त्यांना दोन वेळा घरी घेऊन आली. मोर्चा असो, गणपती असो, मंत्र्यांचा दौरा असो, बंदोबस्ताची जागा ठरवताना जवळचे एखादे घर, शाळा नाहीतर दवाखाना याच कामासाठी बोलून ठेवायला काय लागते? यावरही तुमच्या पानात कधी काही वाचले नाही.

तुमच्या वार्ताहराला एक विनंती आहे. आमच्या तहसील कार्यालयात जाऊन विचारावे, की पुढच्या आगीत ताकाचे कॅन कुणाच्या हातात द्यायचे. त्या माणसाचे पद आणि कार्यालयाचा फोन नंबर चौकटीत छापा. उन्हाळा तोंडावर आला आहे आणि आमच्या इथल्या जिनिंगच्या आवारात अजून कापूस पडून आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. धरणगाव, जि. जळगाव