दत्त्याला, काचेबद्दल

परभणी, रविवार

दत्त्या,

दिवाळीपासून एक फोन नाही, कबूल. तब्येत ठीक, साखर वर-खाली. ते राहू दे.

जिन्याला मी हौसेनं दुमजली काच बसवली आणि तू म्हणालास, "लेका, मोंढ्यातलं शोरूम दिसतंय." परवा सकाळी धाडकन आवाज झाला. हिला वाटलं, कुणी धोंडा मारला. खाली जाऊन बघतो तर हरियल. पिवळे पाय वर.

शाळेमागचा उंबर आठवतो ना? तुझ्या बेचकीनं हरियल पाडलं, मी सगळ्या वर्गासमोर तुला खुनी म्हणालो आणि अख्खा पावसाळा अबोला धरला. तुझं निदान एकच होतं रे. माझं हे तिसरं. आधीचे तांबट आणि बुलबुल मी मांजराच्या नावावर खपवले होते.

भानगड अशी, की समोरचं झाड काचेत जसंच्या तसं दिसतं आणि पाखरू सरळ त्यावर बसायला जातं. आतून पडदा लावला, तर झाड आणखीच ठळक. मग ससाण्याचं काळं स्टिकर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच खाली कठड्यावर एक बुलबुल निवांत हागत बसला होता!

आता बाहेरून नायलॉनच्या दोऱ्या सोडतोय, दर ४ इंचांवर एक. बारक्या पाखरांना २ इंच बरं म्हणतात, पण ही आत्ताच विचारते, "शेवया वाळत घातल्यात का?" हसू नकोस. २०२३च्या ऑक्टोबरात शिकागोत एकाच इमारतीला एका रात्रीत साडेनऊशेवर पाखरं धडकून मेली. पुढच्या वर्षी काचेवर ठिपक्यांची फिल्म लावली, तेव्हा आकडा कुठल्या कुठं उतरला. तुझा पोरगा हिंजवडीत काचेच्या डब्यात बसतो ना? तिथल्या झाडूवाल्याला विचारायला सांग, सकाळी काय काय गोळा करतो ते.

काल दोऱ्या नसलेल्या कोपऱ्यात एक शिंजीर आदळलं. जिवंत होतं. मी पाणी पाजणारच होतो, पण तसं करायचं नसतं म्हणे. भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात, अंधारात ठेवलं. तासाभरानं आत खडबड झाली, अंगणात नेऊन झाकण काढलं, आणि भुर्रर्र.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पोरीचं जमलं का कुठं?

आणि एक. शाळेमागचं ते हरियल मी पुरलं, त्यावर संध्याकाळी तू गुपचूप धोंडा ठेवलास, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. मला दिसलं होतं. तरी बोललो नाही.

वरच्या तीन फुटांच्या दोऱ्या राहिल्यात. शिडी धरायला कुणी नाही. ये.

तुझा,
सुध्या