परीला पीठ फासू नका

संपादक महाशय,

डिस्नेच्या २०२३ च्या ‘द लिटल मरमेड’मध्ये हॅली बेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री जलपरी झाली आणि ‘परी अशी कुठं असते का?’ म्हणून गदारोळ उठला. डॅनिश लेखक अँडरसनची १८३७ मधली ही गोष्ट. बाई कमरेखाली मासोळी असलेली चालते, सावळी मात्र खटकते!

परवा तो चित्रपट बघता बघता नात म्हणाली, “आजोबा, ही माझ्यासारखीच की!” स्नेहसंमेलनात तिला दरवर्षी झाड नाहीतर राक्षसीण करतात. परी ठरलेली, वर्गातली गोरी पोरगी. (झाड उत्तम करते, हेही सांगतो.)

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती पुरुषानं केली होती. पुढं १९२० मध्ये आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच. अशा गावात आजही पोरींना परी व्हायला पावडरचा डबा लागावा?

रंकाळ्यातून वर येणारी परी मराठी पडद्यावर कुणी आणलीच, तर तिला पीठ फासू नका, एवढी विनंती.

– एक आजोबा, शिवाजी पेठ, कोल्हापूर